कोनाड्यातला दुसरा खडा

इथले गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचतो, पण खरं सांगायचं तर त्यातल्या चुका शोधायला. इस्लामपूरजवळच्या एका हायस्कूलात मी विज्ञान शिकवतो. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना "कुणी बघितलं, किती वाजता, उजेड कसा होता" असं विचारून गप्प करणारा मास्तर मी. तेच प्रश्न स्वतःला विचारून हे लिहितोय.

आमचं मूळ गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून बरंच आत. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. माझ्या वडिलांनी, आबांनी, ती विकून माळावरच्या दगडाच्या खाणीत काम धरलं, कारण मेंढरांमागं फिरलो असतो तर माझी शाळा झाली नसती. खाणीच्या वस्तीवरच मी अक्षरं गिरवली. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. ती पदवी आबांनी त्या खडकातून काढली असं मी आजही मानतो. त्याची किंमत म्हणून धूळ त्यांच्या छातीत बसली... आता चार पावलं चालले की दम लागतो.

खाण बंद पडून बरीच वर्षं झाली. वस्ती ओसाड आहे. गेल्या मे महिन्यात कळलं की तो माळ सपाट करून तिथं सोलरच्या प्लेटा बसणार. मी जेवताना सहज आबांना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. तीन दिवस त्यांनी नीट खाल्लं नाही आणि चौथ्या दिवशी मला जवळ बसवून एक गोष्ट सांगितली, जी मला माहीतच नव्हती.

खाणीत उतरायच्या वाटेवर, कडेच्या भिंतीत एक कोनाडा होता. खाली जाणाऱ्या प्रत्येकानं आपला खडा तिथं ठेवायचा, वर आला की उचलायचा. प्रत्येकाच्या खड्यावर छिन्नीनं खूण केलेली. आबांची दोन रेघा, त्यांचे जोडीदार भिवातात्या यांची तीन. सुरुंगाची वात पेटवायच्या आधी कोनाडा रिकामा झालाय का ते बघून शिट्टी मारायचं काम आबांकडं होतं. भिवातात्या विसराळू. त्या आठवड्यात दोनदा खडा तसाच ठेवून घरी गेलेले, आणि सगळे उगाच खोळंबले होते. तिसऱ्या वेळीही त्यांचाच खडा उरला. आबांनी खाली वाकून बघितलं, कुणी दिसलं नाही.

"परत इसरला म्हणून म्या माज्या हातानं खडा उचलला," आबा म्हणाले. "आन् शिट्टी मारली."

भिवातात्या खालीच होते. कपारीतल्या झऱ्यावर पाणी भरत.

"माळ सपाट व्हायच्या आदी एकदा जाऊन यी," आबा म्हणाले. "माजा खडा ठिवून उतर. त्याला सांग, चूक माजी हुती."

मी विज्ञानाचा माणूस, पण बापाला नाही म्हणण्याइतका शिकलेलो नाही. चुलतभाऊ संतोषला घेऊन मोटारसायकलनं निघालो. पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. ऊन असं की सावली पायाखालीच. खोल्यांचे पत्रे केव्हाच गेलेले, नुसत्या दगडी भिंती उभ्या. आमच्या खोलीत बाभूळ उगवली होती.

"मास्तर, तुमच्या हॉलमदी झाड लय भारी वाढलंय," संतोष म्हणाला. मी हसलो, पण हसू टिकलं नाही.

कोनाड्यात माती आणि गांधीलमाशीचं जुनं घर होतं. मी हातानं सगळं साफ केलं. म्हणजे तो रिकामा होता याबद्दल मला शंका नाही. मग आबांनी इतकी वर्षं जपलेला दोन रेघांचा खडा ठेवला आणि उतरलो. संतोष वर वाटेच्या तोंडाशी बसला. उतरायला दुसरी वाट नाही.

खाली झरा आटलेला. मी आबांचा निरोप मोठ्यानं बोललो. स्वतःचाच आवाज भिंतींवरून परत आला. सगळीकडं बघितलं. साळुंकीसुद्धा नव्हती.

वर आलो, खडा उचलायला हात घातला... आणि कोनाड्यात दोन खडे होते. दुसऱ्यावर तीन रेघा.

"संत्या, तू ठेवलास?"

"म्या कशाला ठिवू? जाग्यावरनं हाललो न्हाई गड्या."

मी आपला खडा उचलला आणि आबांना फोन लावला. कोनाड्यात काय आहे ते सांगितलं. पलीकडं त्यांची धाप वाढली.

"हात लावलास?"

"नाही."

"लावू नगं. बस तितंच. त्याला वर यिऊ दे."

"आबा, खाली कुणी नाही. मी आत्ताच बघून आलोय."

"मीबी तवा असंच म्हणलो हुतो," आबा म्हणाले.

आम्ही कोनाड्यासमोर बसलो. फोन चालूच होता. आबा मधूनमधून खोकत होते. संतोष पुटपुटला, "उनानं डोस्की फिरल्यात आपली," पण उठला मात्र नाही. फोटो काढायचं दोघांनाही सुचलं नाही, हे आज मलाही खोटं वाटतं. तासभर झाला असेल. आमची नजर हटली होती का? हो, एकदा. संतोषनं पाण्याची बाटली दिली तेव्हा. पुन्हा बघितलं तर कोनाडा रिकामा होता.

"आबा... खडा नाही आता."

"मग शिट्टी मार."

मला शिट्टी येत नाही, शाळेतच गेलो ना मी. संतोष अजून मेंढरं राखतो. त्यानं दोन बोटं तोंडात घालून लांबलचक शिट्टी मारली. ती खाणीच्या भिंतींवरून फिरून परत आली. पलीकडून आबा म्हणाले, "ऐकू आली." आईनं नंतर सांगितलं, फोन ठेवून त्यांनी भाकरी मागितली.

तीन रेघांचा खरा खडा आबांनी भिवातात्यांच्या सरणावर ठेवला होता, हे मला घरी आल्यावर कळलं.

कुणी बघितलं? दोघांनी. किती वाजता? भरदुपारी. उजेड? डोळे दिपतील एवढा. त्या माळावर आता काळ्या प्लेटांच्या रांगा आहेत. आबांचा खडा आमच्या खिडकीत असतो.

प्रयोगशाळेला कुलूप लावताना मी पोरं मोजतो. आकडा पुरा भरला तरी दार लगेच ओढत नाही. थोडं थांबतो.