समुद्राकाठची सागवानी दारं

फळी हातात आली की मिस्त्री ती आधी गालाला लावायचे. "वली हाय अजून. न्हाय चालायची," म्हणून परत. सोलापूरच्या भवानी पेठेतले हे आमचे सुतार. मी घरांचे नकाशे काढते, ते दारं-खिडक्या करायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, कामापुढं देवाचंही न ऐकणारी.

फट म्हणजे त्यांची जन्माची वैरीण. दार बसवलं की चौकटीच्या कडेनं पोस्टकार्ड सरकवून बघायचे. सरकलं, तर स्वतःलाच शिवी हासडायचे.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी गुहागरजवळ समुद्राकाठी घर बांधायला काढलं. मुलगा अॅल्युमिनियमसाठी हटून बसला होता, पण बाईंना खरं लाकूडच हवं होतं. मिस्त्रींनी ऐन उन्हाळ्यात सोलापुरात सागाची दारं केली आणि टेम्पोनं नेऊन बसवली. पोस्टकार्ड कुठंच सरकलं नाही. मीही खूश. गाढव मी! समुद्राच्या हवेत लाकूड फुगतं, एवढं शिकून मला आठवू नये?

पावसाळ्यात बाईंचा फोन आला. दारं फुगून चौकटीत रुतली होती, ढकलली की करकरत होती. बाई तासभर न्हाणीघरात अडकल्या होत्या. मुलगा म्हणत होता, सगळं लाकूड उपटून टाकू.

मिस्त्रींना सांगितलं, तर चेहराच उतरला त्यांचा. मग म्हणाले, "चूक माजी हाय ताई, लाकडाची न्हाय. माज्यापायी त्याला कशाला हाकलताय? त्या पोराला म्हनावं, महिनाभर थांब."

"दुखरे गुडघे बघा की आधी तुमचे," मी म्हटलं.

"गुडगं काय रंदा मारत्यात व्हय?"

गेलेच. भर पावसात महिनाभर राहिले. दारं उतरवून पडवीत ठेवली, फुगायची तेवढी फुगू दिली, मगच रंधा मारला. कडांना तेल पाजलं. गंजलेले लोखंडी स्क्रू काढून पितळी घातले. आणि प्रत्येक दाराला चारी बाजूंनी फट ठेवली. मी बघायला गेले, तर त्यांना स्वतःलाच त्या फटीकडं बघवत नव्हतं. तोंड फिरवून म्हणाले, "ठिवली ताई. हितल्या लाकडाला हलाया जागा लागतीय."

मुलानं एकेक दार ढकलून पाहिलं. पुन्हा अॅल्युमिनियमचं नाव काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, माझ्याच एका घराची दारं चालू असताना, मिस्त्री दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मला अजून राग येतो त्यांचा. असं अर्ध्या कामातून उठून जातात होय?

त्या पावसाळ्यात बाईंचा फोन आला. "मिस्त्रींना सांगा हं, एकही दार अडत नाही."

मी काय झालं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "थांबा. दार लावते नि उघडते. ऐका."

मी फोन कानाशी घट्ट धरला. तिकडं पाऊस कोसळत होता, तेवढाच ऐकू आला. दाराची करकर आलीच नाही.