अंगठा रुतला तर

सरूआत्या मंगळवारी गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन बागूल कुदळवाल्या माणसाला घेऊन अंगणात उभे राहिले.

सरूआत्या माझ्या वडिलांची बहीण, विंचूरची. नवरा वारल्यावर ती नाशिकला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा गोणपाटात गुंडाळलेला एक गड्डा तिच्या मांडीवर होता. त्याला ना मूळ होतं ना पान. "दारातल्या सायकसचं पिल्लू हाय," ती म्हणाली. गेटजवळच्या कोपऱ्यात वाळू टाकून तिने तो अर्धा पुरला आणि पाणी जवळजवळ घातलंच नाही. मी ग्रंथालयात काम करते; झाडांची माझी माहिती छापील. महिने गेले तेव्हा मी म्हटलं, "आत्या, मेलं असेल गं."

"मेलं नाय. थांबलंय."

तिच्या तोंडी हे वाक्य माणसांबद्दलही असे. माझं लग्न जमेना तेव्हा नातेवाइकांनाही तिने हेच सुनावलं होतं.

बारा वर्षांत सायकस, बुटक्या ताडासारखं दिसणारं ते शोभेचं झाड, गुडघ्याएवढा झाला. वर्षातून एकदा त्याला सगळी पानं एकदम फुटत, गुंडाळलेली आणि लोण्यासारखी मऊ. तेवढे दिवस आत्या प्लास्टिकची खुर्ची टाकून शेजारी बसायची. "आत्ता वाकलं तर कायमचं वाकडं," ती क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना सांगे. मुलं निमूटपणे मागच्या बाजूला जात.

गेल्या दिवाळीनंतर पानांवर पांढरी कीड बसली. पीठ भुरभुरल्यासारखी. आत्याने साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक पान घासलं, तरी ती हटेना. मग एका सकाळी तिने विळ्याने सगळी पानं कापली. मला रडू आलं.

"रडतेस काय पोरी? पानं झाडाची असतात, झाड पानांचं नसतं."

उरला तो तपकिरी, खवल्यांचा बुंधा. बागुलांना तो कोपरा स्कूटरसाठी हवाच होता. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "आजी, तुमच्याच हातानं मेलं ते. आता काढून टाकू."

आत्या सगळ्या मीटिंगला खाली घेऊन गेली. "साहेब, सडलेला सायकस आतून मऊ होतो. अंगठा दाबा. रुतला तर मी स्वतः उपटून देते."

बागुलांनी अंगठा टेकवला.

"असा नाय. मतदानाचं बटण दाबता तसा."

लोक हसले. अंगठा रुतला नाही. "बरं, उन्हाळ्यापर्यंत बघू," बागूल म्हणाले.

"त्याला कॅलेंडर वाचता येत नाय," आत्या म्हणाली आणि खुर्ची आणायला वर गेली.

फेब्रुवारीत ती अंथरुणाला खिळली. रोज संध्याकाळी मी दारातून आत आले की पहिला प्रश्न: "दाबून पाहिलंस?" मी म्हणे, "टणक आहे." शेवटच्या सोमवारीही तिने विचारलं. मी तेच उत्तर दिलं. "मग झालं," म्हणून ती कुशीवर वळली.

म्हणून त्या दिवशी कुदळ दिसल्यावर मी तिची खुर्ची खाली नेली आणि बुंध्यापुढे बसले. सोसायटीत मी तोवर कधी मान वर करून बोलले नव्हते.

"ताई, आजी होत्या तोवर आम्ही मान ठेवला," बागूल म्हणाले.

"अंगठा दाबा."

ते जागचे हलले नाहीत. कुदळवाल्यानेच कुदळ भिंतीला टेकवली, वाकून बुंधा दाबला आणि म्हणाला, "साहेब, जित्तं हाय की हे. मी नाय घाव घालणार."

"ताई, किती दिवस बसणार तुम्ही?" बागुलांनी विचारलं.

"ग्रंथालयातून पुस्तकं आणली आहेत," मी म्हटलं. "जाड आहेत."

त्याला सात आठवडे झाले. कोंब अजून आलेला नाही. बुंधा टणक आहे.