पूजा झालेलं मशीन कोणाचं?

“मॅडम, सेंट्रिफ्यूज पडलं. क्रेनवरून सुटलं आनि शाफ्ट वाकला,” भोईरशेठ माझ्या टेबलासमोर बसत म्हणाले. “आनि मी तं त्याची पूजा करून बसलोय. आता ते माजंच झालं ना?”

मुलांनो, पन्नाशीत कायदा शिकून आजीने काय केलं, असं तुम्ही विचारता. त्याचं उत्तर क्रमाने लिहिते.

भोईरशेठ आमचे मालक, खाडीकाठच्या गावचे. शेती नव्या शहरासाठी सरकारने घेतल्यावर त्यांनी तळोज्यात छोटा केमिकलचा कारखाना काढला. मी तिथे परचेस बघायची, म्हणजे कारखान्याची खरेदी, आणि सकाळी नेरूळच्या कॉलेजात लॉचं दुसरं वर्ष करायची. सेंट्रिफ्यूज म्हणजे कपडे पिळणाऱ्या ड्रायरचा थोरला भाऊ. गरगर फिरून ओल्या पावडरीतलं पाणी काढतो. शाफ्ट म्हणजे त्याला फिरवणारा दांडा. शेठचं नवं युनिट त्याच्यावाचून अडलं होतं. गावातल्या पोरांना त्यांनी नोकरीचा शब्द दिला होता. आणि दुसरं मशीन घेण्याची ऐपत आता उरली नव्हती.

हे मशीन एका मोठ्या कंपनीच्या बंद प्लांटमधलं, जुनं. आम्ही बघून पसंत केलं. ते जमिनीतल्या सिमेंटच्या फाउंडेशनमधून सोडवून आमच्या ट्रकवर चढवून देण्याचं काम त्यांचं, असं ठरलं. पण शेठना मुहूर्त चुकवायचा नव्हता. मशीन त्या कंपनीच्याच शेडमध्ये असताना शेठनी हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि तिथल्याच कामगारांना पेढे वाटले. आपल्याकडे नवी गाडी शोरूममध्येच पुजतात, तसं.

मशीन पडल्यावर त्या कंपनीचे मॅनेजर मेहता शेठना म्हणाले, “पेढे तुमचे खाल्ले आम्ही. माल तुमचा झाला.”

शेठना तेच खरं वाटत होतं. “देवाम्होरं आपलं म्हटलं, आता नाय कसं म्हनू?”

“देवाचं देवाकडे राहू द्या, शेठ. कायदा वेगळा प्रश्न विचारतो.”

आमचे सर शिकवायचे : गोष्ट सांगत बसू नका. आधी प्रश्न एका ओळीत मांडा. मग नियम शोधा. मग नियमातला एकेक शब्द घडलेल्या गोष्टीवर ठेवून बघा, बसतो का. मी प्रश्न मांडला : मशीन पडलं त्या क्षणी मालक कोण? कारण दुसरं काही ठरलं नसेल तर माल ज्याचा, नुकसान त्याचं.

पहिला नियम आमच्या विरुद्ध निघाला. एखादी ठरावीक वस्तू देण्याजोग्या स्थितीत असेल आणि सौद्यात काही अट नसेल, तर सौदा होताच ती घेणाऱ्याची होते. पैसे नंतर दिले, माल नंतर उचलला, तरी. मी शेठना हे सांगितलं.

“मॅडम, तुमी आमच्याच पार्टीच्या ना?”

“तुमच्याच. पण ‘देण्याजोग्या स्थितीत’ हे शब्द बघा. त्यातच आपली बाजू आहे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मेहतांच्या केबिनमध्ये बसलो. मी आधी त्यांचाच नियम त्यांना समजावून सांगितला. ते खूश झाले.

“मग विषयच मिटला. चहा घ्या.”

“चहा घेते. सौदा झाला तेव्हा मशीन कुठे होतं?”

“शेडमध्ये. फाउंडेशनला बोल्ट केलेलं.”

“म्हणजे नेता येत नव्हतं. सोडवायचं कोणी?”

“आम्ही. पण मॅडम, पडलं तेव्हा बोल्ट निघाले होते. काम झालं होतं.”

शेठनी माझ्याकडे बघितलं. ट्रकवर चढवणं बाकी होतं, पण मशीन देण्याजोगं झालं होतं; मेहतांचा हा मुद्दा चांगला होता. पण त्या नियमाला आणखी एक शेपूट आहे. विकणाऱ्याने नुसतं काम पुरं करून भागत नाही. ते झाल्याचं घेणाऱ्याला कळावंही लागतं. तोवर मालकी बदलत नाही.

“मशीन सुटलं, घेऊन जा, असं आम्हाला कोणी कळवलं?”

“कळवायचं काय त्यात? ट्रक येणारच होता.”

“म्हणजे कळवलं नाही.”

मेहतांनी माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचवाल्याला आत बोलावून विचारलं. तो म्हणाला, “सर, लोड झाल्यावर फोन करणार होतो.”

“राहता राहिली पूजा,” मी म्हणाले. “आमच्या शेठनी श्रद्धेने केली. पण तुमचं काम त्यांच्या नारळाने पुरं होत नाही. आणि मेहतासाहेब, मशीन तुमचंच होतं म्हणालात, तर तुम्हाला तुमच्या इन्शुरन्सकडे मागता तरी येईल. आमचं म्हणालात, तर तेही दार बंद.”

 मेहतांनी त्यांच्या हेड ऑफिसला फोन लावला.

आठवडाभरात त्याच प्लांटमधलं दुसरं सेंट्रिफ्यूज आमच्या शेडमध्ये आलं, त्यांच्या खर्चाने. नवं युनिट सुरू झालं. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, “या आमच्या वकीलबाई.” परीक्षा अजून बाकी होती, पण मी त्यांना थांबवलं नाही. मला ते ऐकायला फार आवडत होतं, आणि मी ते कमावलंही होतं.

आज तळोज्यातल्या कितीतरी कारखान्यांचे करार मी तपासते. तेव्हा धरलेली पद्धत अजून सोडलेली नाही. आपल्या विरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा आपणच आधी मांडायचा. समोरचा निवांत होतो, चहा मागवतो आणि विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं देतो.