दिव्यांच्या खोळी

अंबूबाईचा नवरा गेणू गेल्या माघात वारला. तवापासनं ती ना रडली, ना हसली. ताट पुढं आलं की जेवायची, ऊन सरकलं की सावलीला सरकायची, बाकी भिंतीकडं तोंड करून पडून. गुडघे गेलेले, त्यामुळं भाताच्या लावणीलाबी कुणी बोलवंना. सून स्नेहल तळेगावची. ती म्हणायची, "आत्या, काहीतरी बोला ना." अंबूबाई म्हणायची, "काय बोलू?" झालं, संपलं.

भावकीतला राजेंद्र पवना धरणाच्या काठी तंबू लावतो. पुण्या-मुंबईची पोरं येऊन राहतात. तंबूंचं सामान वलवणच्या एका खोलीत असतं, तितनं पिकअपमधनं धरणावर. रस्ता असा की गाडीच्या हौद्यातल्या दुधाचं लोणी निघावं. दर खेपेला तंबूत टांगायच्या दिव्यांच्या काचा फुटायच्या. राजेंद्रनं एक दिवा आणून अंबूबाईच्या मांडीवर ठेवला.

"काकी, तू गोधड्या शिवायचीस. ह्याला एक आंगडं शिव. आपटला तरी रडाय नको."

"ठेव," ती म्हणाली.

काम सोपं. जुन्या लुगड्याच्या घड्या, मधी फाटकी चादर, बुडाला दुप्पट जाडी, तोंडाला नाडी. वरनं दाट धावदोरा. दिवा आत सोडायचा, नाडी ओढायची, दुरडीतल्या अंड्यागत राहतो. काचा फुटायच्या थांबल्या. राजेंद्र आणखी दिवे आणत गेला, अंबूबाई उठून बसायला लागली. चेहरा तसाच, पण बसायला लागली. स्नेहलला तेवढंच पुरं होतं.

मग एक दिवस राजेंद्र गोणी घेऊन आला आन ओट्यावर उपडी केली. खोळींच्या बुडाला भोकं, चिंध्या लोंबत्यात.

"उंदरांनी पार्टी केलीया. दोन दिव्यांच्या वायरीबी खाल्ल्या. काकी, आत काय घातलंस गं?"

स्नेहलनं एक बूड उसवलं. आत वाळल्या भाकरीचा तुकडा.

आमच्याकडं गोधडीचं शेवटचं टोक शिवताना आत भाकरीचा घास घालतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. अंबूबाईनं दर खोळीत घातला होता.

"अगं, दिव्याला कसली भूक? त्यो चार्जिंग खातो!" राजेंद्र हसला.

"मला ध्यानातच न्हाई," अंबूबाई म्हणाली. "हात करत गेला."

"मग हाताला सांग. पुन्हा घास निघाला तर मी बाजारातनं तयार पिशव्या आणीन. माझा धंदा हाय, काकी."

"बरं."

स्नेहलला वाटलं, आता तरी आत्या चिडंल. रीत हाय म्हणंल, दोन शब्द सुनावंल. काई न्हाई. अंबूबाईनं सगळ्या खोळी उसवल्या, घास कोंबड्यांपुढं टाकले, भोकांना ठिगळं लावली. एकेक बूड शिवत आणलं. शेवटच्या टोकाला हात थांबला. सुई तशीच कापडात रोवून तो आपसूक भाकरीच्या दुरडीकडं गेला.

"आत्या," स्नेहल म्हणाली.

हात माघारी आला. अंबूबाईनं टोक मुडपलं, टाका घातला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. रिकामी खोळ मांडीवर दाबून बघितली.

"वाईट वाटलं का हो?" स्नेहलनं विचारलं. पोरीला वाटत होतं, आत्यानं व्हय म्हणावं. रडावंसुदीक.

अंबूबाईनं खरंच विचार केला.

"न्हाई," ती म्हणाली. "काईच न्हाई वाटलं. ती दुसरी दे हिकडं."

स्नेहलनं दिली. सुई पुन्हा चालू झाली.