विड्यांचं ताट उचलणाऱ्या मॅडम

पाणी भरून झालं की मी मानसीची गोधडी दोरीवर टाकत असे, विडीचा वास जावा म्हणून. त्या सकाळीही टाकली, भाकऱ्या केल्या आणि पळस्प्याहून तिला घेऊन पनवेलला डॉ. नंदिनी मॅडमच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेले. मानसी सात वर्षांची होती. तिला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. दुखणं उठलं की रडतही नसे, नुसती आखडून पडे. मॅडमनी आधी तिच्या केसांचा वास घेतला आणि घरात कोण ओढतं ते विचारलं.

नवरा आणि दीर, मी म्हटलं. दारात बसून ओढतात.

मॅडमनी ह्यांना बोलावून घेतलं. ह्यांचा ट्रेलर न्हावा शेव्याला चाले. मॅडम रागावल्या नाहीत. हिचं रक्त अंगाला प्राणवायू आधीच कमी पोचवतं, धुरानं आणखी कमी होतो, आणि धूर कपड्यांतूनही घरात येतो, हे त्यांनी चित्र काढून समजावलं. तेव्हापासून हे घरी विडी ओढेनात. गाडीवरून आले की अंघोळ करून मगच मुलीला जवळ घेत. सासूबाई मात्र म्हणत, "आजार रगतात हाय, त्याला धूर काय करनार?"

मॅडमच्या गौरवग्रंथासाठी मला हे लिहायला सांगितलं आहे. मी असे काही ग्रंथ वाचले आहेत. त्यांत सगळं गोड असतं. मला तसं लिहिता येणार नाही.

हे अपघातात गेले. आमच्याकडे दुःखाच्या घरी भेटायला येणाऱ्यांपुढे पान-विडीचं ताट ठेवतात. खोलीत धूर कोंडला होता. मला कोपऱ्यातून उठायची मुभा नव्हती, आणि मानसी माझ्या मांडीवर खोकत होती. मॅडम आल्या, जमिनीवर बसल्या, तिची छाती तपासली. मग उठून ते ताट बाहेर ओट्यावर ठेवून आल्या.

दीर म्हणाले, "म्याडम, मयताच्या घरची रीत हाय ही. तुमाला नाय समजायची."

"तुमच्या भावानं हिच्यासाठी विडी घराबाहेर ठेवली होती," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही त्याच्याच घरात बसलाय."

मॅडमची रिक्षा वळली आणि ताट परत आत आलं. "डाक्तरीण गेली, काढा माचिस," कुणीतरी म्हणालं. माणसं हसली. ह्यांच्या फोटोपुढे हसली.

संध्याकाळी मानसीला श्वास घेता येईना. मॅडमनी तिला दाखल करून ऑक्सिजन लावला आणि स्वतः उशाशी बसून राहिल्या. तिला घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला नेलं. धीर धरा वगैरे काही म्हणाल्या नाहीत. "जायला कुठे जागा आहे का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर दवाखान्यामागच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

मानसी आज कॉलेजात आहे. जिना चढताना थांबते. तिची छाती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. दीर अजून सांगत फिरतात, भावाचं सुतकही न पाळणारी बाई. लग्नकार्याला मला बोलावणं येत नाही.

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना खूप आयुष्य मिळो, त्यांचे दुखरे गुडघे बरे होवोत, आणि त्यांचं म्हणणं लोकांना पहिल्याच वेळी पटो.

किल्ली मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ह्यांचं बारावं व्हायच्या आधी, मी मुलीला घेऊन त्या खोलीत राहायला गेले.