गुठळ्या राहू देत

आमच्या कात्रपच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे काका अंबरनाथच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नाही. दर रविवारी सकाळी ते नातीसाठी पॅनकेक करतात आणि उलथनं कुणाच्याही हाती देत नाहीत, काकूंच्यासुद्धा.

लेकीच्या वाढदिवसाला मी तिच्या मैत्रिणींना पॅनकेक कबूल करून बसले. आंबोळीच्या सवयीने पीठ चांगलं गुळगुळीत होईपर्यंत फेटलं, तव्यावर घातलं आणि वरून थालीपिठासारखं दाबलंही. निघाली ती चामड्याची चकती. मुली यायला अर्धा तास होता. धावत जाऊन काकांना घेऊन आले.

त्यांनी ती चकती शेवटपर्यंत चावून खाल्ली आणि म्हणाले, "पीठ काय कपडे आहेत, एवढं धोपटायला? मिक्स झालं की हात बाहेर. गुठळ्या राहू देत. आणि दाबायचं नाही, बिलकुल नाही. तो आपला आपण फुगतो."

नवीन पीठ त्यांनी चमच्याने जेमतेम फिरवलं आणि थोडा वेळ झाकून ठेवलं. पहिला पॅनकेक तव्यावर पडला, तसं उलथनं माझ्या हातात दिलं आणि स्वतः माझ्याकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभे राहिले. पिठावर बुडबुडे आले, फुटले, भोकं तशीच राहिली.

"आता उलट," ते पाठमोरेच म्हणाले.

"उलटला, काका."

त्यांनी वळून बघितलंसुद्धा नाही. "मग दुसरा घाल," म्हणाले.