मुक्कामाची परवानगी

अख्ख्या गल्लीच्या अंगावर मावशींच्या हातचे कपडे, पण डोक्यावरचं छप्पर मात्र दुसऱ्याचं. जिन्याखालची खोली, एक खिडकी, खिडकीशी शिलाई मशीन आणि त्याला खेटून पलंग. नवरा गेल्यावर त्या इथे राहायला आल्या तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाईंनी बजावलं होतं, "पाहुणे दिवसा. रात्रीच्या मुक्कामाला कोणी नको. पाणी पुरत नाही."

मावशींनी ती काळ्या दगडावरची रेघ मानली. लग्न होऊन दूर गेलेली लेक यायची ती घड्याळाकडे बघतच चहा प्यायची आणि शेवटच्या बसने परत. तिची उशी तेवढी मावशी अधूनमधून उन्हात टाकायच्या. उशीला थोडीच बंदी होती!

एकदा वकीलबाई काळ्या कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आल्या. मावशी माप घेता घेता म्हणाल्या, "तुमचं बरं बाई. स्वतःचं घर. माणूस आलं तर राहू तरी शकतं."

"कुठलं स्वतःचं? भाड्याचंच आहे. आई येते, महिना महिना राहते."

"आणि मालक बाहेर नाही काढत?"

"भाडं देता ना मावशी? मग ही खोली तुमचं घर. लेकीने दोन दिवस राहावं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. एवढ्यासाठी कुणी हाकलू शकत नाही. काढायचंच तर आधी लेखी कळवायला हवं, वर कोर्ट आहे. उगीच कुलूप घालणं, पाणी तोडणं चालत नाही. कधी विचारलं नाहीत कुणाला?"

"विचारून खोली कोण घालवतं?" मावशी म्हणाल्या. त्या दिवशी एक बाही बोटभर जास्तच आखूड झाली.

हक्क कळला, पण 'राहा' म्हणायची जिभेला सवय नव्हती. आणि लेकच नको म्हणाली तर? इतके दिवस दोष द्यायला मालकीणबाई तरी होत्या.

लेक आली. जेवली, सासूच्या दोन तक्रारी सांगितल्या आणि पलंगावर कलंडली. "आई, जरा पाठ टेकते. बसच्या आधी उठव हं."

मावशींनी मशीन थांबवलं. झोपेत लेकीचं तोंड लहानपणीसारखंच जरा उघडं राहायचं, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. उन्हं उतरली. चौकातून शेवटच्या बसचा भोंगा आला. मावशींचा हात लेकीच्या खांद्यापर्यंत गेला आणि पांघरूण सारखं करून परत आला.

दारात मालकीणबाई. "अजून गेली नाही ही?"

"हळू बोला," मावशी कुजबुजल्या. "झोपलीय. आज राहणार आहे."

"आणि पाणी?"

"माझ्या वाटणीतलं वापरेल. तुमच्या बादलीला हात नाही लावायची."

मालकीणबाई काहीतरी पुटपुटत जिना चढल्या. मावशी पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. जागी झाल्यावर लेक चिडेल, जावयाला फोन करेल, सासू चार शब्द ऐकवेल. ऐकवू दे. पण एवढ्यात जागी होऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं.